मापाचं पाणी

देवाजींचं वजन चार दिवसांत अडीच किलोनं वाढलं आणि घरात त्याचा आनंद झाला.

"पाहा वं मीरा," गोपिकाआत्या वजनकाट्याशेजारी उकिडव्या बसून म्हणाल्या. काट्यावरचा आकडा त्यांना वाचता येत नव्हता. पण त्या आल्या त्या दिवशी नंदिनीनं मोठ्यानं वाचलेले एकोणसाठ पूर्णांक चार त्यांच्या पक्के ध्यानात होते, आणि आजचे एकसष्ट नऊ त्यांनी आताच ऐकले होते. "चार रोज झाले मले येऊन. माहा भाऊ कसा भरून आला! गालावर पाहा, पायावर पाहा. मानसाच्या अंगी माया लागते बाई, गोळ्या नाही लागत."

"हो ना बाई," देवाजींच्या बायकोनं, मीराबाईंनी मान डोलावली. "तोंडावर तेज आलं."

तेज! सासऱ्यांना काट्यावरून उतरवून नंदिनीनं खुर्चीत बसवलं, त्यांचा पायजमा नडगीपर्यंत वर सारला आणि अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात एकसष्ट नऊ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"बाबा, पाणी वरून काही घेतलंत का?"

"नाही बेटा."

"मिठाचं काही? लोणचं, पापड?"

"नाही म्हटलं ना."

देवाजी बोलताना खिडकीकडे पाहत होते. बावीस वर्षं या घरात काढलेल्या सुनेला सासऱ्यांच्या मानेचं हे वळणं ठाऊक होतं. पण घरात पाहुणे, समोर मोठी बहीण, आणि दुसऱ्या दिवशी वैशाख पौर्णिमा. अशा वेळी सुनेनं सासऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाळतात सगळे.

दोन वर्षांपूर्वी देवाजींना झटका आला तेव्हापासून त्यांचं हृदय तीस टक्क्यांवर चालत होतं. पंपिंग तीस टक्के, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाकीचे सगळे गांगरले, एकट्या देवाजींना ते लगेच समजलं. सावनेरकडच्या कोळसा खाणीत त्यांनी एकतीस वर्षं पंप खलाशी म्हणून काढली होती. जमिनीखाली झिरपणारं पाणी दिवसरात्र उपसून वर फेकणं, एवढंच काम. पंप दमला की पाणी आधी सगळ्यात खालच्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यात साचतं, मग वर चढतं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. "म्हणजे पाय सुजतीन, मंग पोट, मंग छाती," त्यांनी डॉक्टरांनाच सांगितलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले होते, काका, तुम्ही अर्धे डॉक्टरच आहात. त्या दिवसापासून दिवसाला दीड लिटर पाणी, जेवणात नावाला मीठ, सकाळी वजन आणि सहा प्रकारच्या गोळ्या. हे सगळं पाहायला नंदिनीनं शाळेतली नोकरी सोडली. तिला सोड असं कुणी म्हटलं नाही. आपण पाहू असंही कुणी म्हटलं नाही.

ती नवऱ्याला शोधत गच्चीवर गेली. प्रेमानंद पंचशील ध्वजाची काठी बांधत होता.

"अहो, बाबांना आज दवाखान्यात न्यायला हवं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं तर थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"उद्या पौर्णिमा हाय नंदिनी. प्रीती येऊन राहिली सावनेरहून. परवा नेऊ."

"अंगात पाणी साचलंय त्यांच्या."

"आत्याबाई म्हणते तब्येत सुधरली."

"आत्याबाई डॉक्टर आहेत?"

प्रेमानंदनं सुतळीची गाठ दातानं आवळली. "हे पाहा, तू सकाळी सकाळी सुरू नको होऊ. चार दिवसांची पाहुणी हाय ती. तिच्यासमोर तू बाबाले पाण्यावरून टोकते, ते तिले आवडत नाही. मले बोलली काल. म्हणे, तुह्या घरी जेलर आणून ठेवली का गा?"

नंदिनीला हसूही आलं नाही. जेलर तर जेलर. पण कैदी पळून चालला होता आणि बाकीचे दार उघडून उभे होते.

प्रीती दहाच्या सुमारास आली, हातात भलं मोठं टरबूज घेऊन. दारातच तिनं वडिलांना पाहिलं आणि हरखली. "बाबा, किती छान दिसून राहिले तुमी! मागच्या बारी तर हाडं दिसत होती." नंदिनीनं टरबूज उचलून थेट फ्रिजमागे ठेवलं. त्यातही पाणीच, तेही मापात धरावं लागतं, असं ती सांगायला गेली तेव्हा नणंदेच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरला.

"वहिनी, मे महिना हाय. पंचेचाळीस डिग्री. कुत्र्यायसाठी लोक दारात पाणी ठेवून राहिले."

"कुत्र्यांचं हृदय तीस टक्क्यांवर नाही, प्रीतीताई."

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलल्याबरोबर वाटलं. पण तोवर प्रीतीनं आईकडे पाहिलं होतं, मीराबाईंनी आत्याकडे, आणि आत्यांनी छताकडे.

दुपारी कूलरच्या घरघरीत सगळे आडवे झाले. नंदिनी खिरीसाठी दुधाचं पातेलं हलवत होती. हलवता हलवता तिच्या लक्षात आलं की मागच्या पडवीतल्या माठावरचं झाकण जागेवर नाही. ती तशीच पळीसकट मागच्या खोलीकडे गेली. दार ओढून घेतलेलं होतं. तिनं ते ढकललं.

देवाजी पलंगाच्या कडेला बसले होते. गोपिकाआत्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि देवाजींनी दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला होता. घटाघट. लहान मूल पितं तसं, डोळे मिटून. शेजारी स्टुलावर मिठाची वाटी होती.

नंदिनीनं पुढं होऊन तांब्या ओढला.

तो तिला सोडवून घ्यायचा होता, हिसकायचा नव्हता. पण हिसकला गेला. अर्धं पाणी देवाजींच्या बनियनवर सांडलं, त्यांच्या तोंडातला घोट हनुवटीवरून ओघळला आणि तांब्याची कड दाताला लागून ठण्ण वाजली.

"हे काय करून राहिली वं तू!" आत्या किंचाळल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"मानसाच्या तोंडचं पानी हिसकून घेतलं! मीरा! ये मीरा! प्रेमानंद! या, पाहा तुमची सून काय करून राहिली!"

"आत्याबाई, किती तांबे दिले ते सांगा. दिवसाला किती?"

"पाह्यजे तितके दिले! तीन दिले, चार दिले. बिनमिठाचं खाऊन खाऊन तो गवतावानी झाला, म्हनून चिमूटभर मीठ टाकून दिलं. माहा भाऊ हाय तो. माय मेली तेव्हा चार वर्साचा होता. या कमरेवर वाहला मी त्याले!"

दारात सगळे जमले. प्रेमानंद लुंगी सावरत, प्रीती केस बांधत, मीराबाई सगळ्यांच्या मागे. देवाजी ओल्या बनियननं खाली मान घालून बसले होते. पंप खलाशी. घरातल्या सगळ्यांपेक्षा ज्याला हे जास्त समजत होतं, तो माणूस गप्प होता.

"तुले माहीत नाही नंदिनी," आत्यांचा आवाज खाली आला, आणि तो किंचाळण्यापेक्षा वाईट होता. "पाटलाच्या विहिरीपाशी घागर घेऊन मी उभी राहो. उन्हात. हात लावाची सोय नव्हती. कोनी बाई आली, तिच्या मनात आलं, तर वरून ओते. नाही आलं, तर नाही ओते. एकडाव सकाळपासून दुपारपर्यंत उभी होतो. आठ वर्साची होतो मी. एक जन म्हने, तुमच्या लोकायले तहान नाही लागत, सवय असते तुमाले. त्याच्यानंतर दीक्षा झाली, आमच्या बापानं वस्तीत आपली विहीर खोदली. तेव्हा मी मनात ठरवलं, माह्यासमोर कोन्या मानसाले पानी दोनदा मांगा लागलं नाही पाह्यजे. अन् इथं, माह्या भावाच्या घरात, त्याले गिलास मोजून!"

नंदिनीच्या हातात अजून पळी होती आणि दुसऱ्या हातात तांब्या. तिला आत्यांची गोष्ट पहिल्यांदाच ऐकायला मिळाली होती असं नाही. तिच्या स्वतःच्या आजीची गोष्टही फार वेगळी नव्हती. पण खऱ्या दुःखापुढे खरं औषध ठेवलं की औषधच पापी दिसतं, ही गोष्ट तिला त्या क्षणी नवी होती.

"ज्या पाण्यासाठी आपल्या लोकायनं मार खाल्ला," प्रीती डोळे पुसत म्हणाली, "ते पाणी तू बाबाच्या तोंडून काढलं, वहिनी."

"मी काढलं म्हणून ते आज बसलेत तरी. दोन वर्षं कोण मोजत होतं? तुम्ही येता, टरबूज देता आणि जाता."

"नंदिनी!" प्रेमानंद ओरडला. "माफी मांग आत्याबाईची."

तिनं माफी मागितली नाही. तांब्या मोरीत पालथा केला आणि दूध लागतंय का ते पाहायला गेली. दूध लागलं होतं.

संध्याकाळी सहाला देवाजींना धाप लागली. आधी उशीला टेकून बसले, मग टेकवेना. ओठ काळपट झाले, छातीत पाण्याच्या बुडबुड्यांसारखा आवाज येऊ लागला, आणि कपाळावर पंचेचाळीस डिग्रीतही गार घाम. शेजारच्या ओमप्रकाशनं गाडी काढली. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आत्या मागच्या सीटवर भावाचं डोकं खांद्यावर धरून 'देवाजी, देवाजी' एवढंच म्हणत होत्या, आणि पुढे बसलेली नंदिनी औषधांची पिशवी पोटाशी धरून समोरचे आकडे मोजत होती. बावीस, एकवीस, वीस.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं. तासाभरात पिशवीत पाऊण लिटर उतरलं आणि छातीतला आवाज निवू लागला. तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, चेहऱ्यावर सबंध दिवसाचा थकवा होता.

"फुप्फुसात पाणी भरलं होतं. वेळेत आणलंत. एवढं एकदम कशानं झालं? औषधं चुकली का?"

नंदिनी तोंड उघडणार, तोच प्रेमानंद बोलला.

"गोळी चुकली असंल, मॅडम. घरी पाहुणे होते, गडबड होती. ते सगळं हिच्याकडेच असते."

नंदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढणं तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पण इतक्या शांतपणे, इतक्या सवयीच्या हातानं काढलेलं पहिल्यांदाच. बाकावर आत्या बसल्या होत्या. त्यांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून तो हळू बोलत होता. म्हणजे हे त्यानं ठरवून केलं होतं.

"पाण्याचं, मिठाचं काही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही, नाही. ते बरोबर हाय."

"ठीक. मग गोळ्या त्याच ठेवू, फक्त चुकवू नका. पाणीही जेवढं चाललंय तेवढं चालू द्या." त्या कागदावर लिहू लागल्या.

जेवढं चाललंय तेवढं. नंदिनीच्या डोळ्यांपुढे ते चार तांबे उभे राहिले. एक गोळी आपल्या अंगावर घेतली की घर शांत होणार होतं. आत्या समाधानानं गावाला जाणार, प्रेमानंद दोन दिवसांनी बोलू लागणार, आणि आठ दिवसांत, पंधरा दिवसांत कधीतरी कुणीतरी मायेनं पुन्हा माठावरचं झाकण उचलणार. तेव्हा सिग्नलचे आकडे पुरणार नव्हते.

"मॅडम, एकही गोळी चुकलेली नाही," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "चार दिवस यांना रोज तीन-चार तांबे पाणी जादा मिळत होतं. मीठ घालून. मला आज दुपारी कळलं."

पेन थांबलं. प्रेमानंदची मान ताठ झाली. बाकावरून आत्या उठल्या आणि हळूहळू चालत जवळ आल्या.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "हो. मीच दिलं. त्याले तहान लागे. पान्यानं मानूस मरते का हो बाई?"

डॉक्टरबाईंनी कागद मिटला. त्यांनी आत्यांना बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. त्यांच्या चांगुलपणाला नंदिनी नंतर कधी नावं ठेवू शकली नाही, पण त्या दिवशी त्या नुसत्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढे पुष्कळदा वाटलं.

"आजी, त्यांचं हृदय दुबळं झालंय. रक्त जोरानं ढकलता येत नाही. मग मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. त्याला वाटतं, अंगातलं पाणीच संपलं, दुष्काळ पडला. मग ते लघवी कमी करतं, मीठ अडवून धरतं, आणि मेंदू म्हणतो तहान लागली. हृदयही आपल्या परीनं धडपडतं. जोरात पळतं. ताणून मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त मावावं म्हणून. सुरुवातीला यानं निभतं. महिने जातात, वर्षं जातात, माणसाला कळतही नाही. पण पुढे हीच धडपड अंगावर येते. साठवलेलं पाणी हृदयालाच उपसता येत नाही. मग ते पायात उतरतं, फुप्फुसात झिरपतं."

आत्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. अक्षरओळख नसलेली बाई, पण समजायला कधी कमी नव्हती.

"म्हनजे आतमंधी पानी तुडुंब, अन् अंग म्हनते सुकलो."

"बरोबर."

"म्हनजे त्याची तहान खोटी हाय."

"तसं... हो. खोटीच म्हणा."

आत्या हसल्या. फार वाईट हसल्या. "आमची बी तहान लोकायले खोटीच वाटे, बाई," त्या म्हणाल्या आणि उठून पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसल्या. डॉक्टरबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या उठून आत गेल्या.

नंदिनीला तेव्हाच कळलं की ही बाई आपल्याला माफ करणार नाही. भावाला पाणी दिल्याबद्दल आत्या स्वतःला एक वेळ माफ करतील, पण ते पाणी विष होतं हे ज्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगितलं, त्या तोंडाला नाही.

"झालं समाधान?" जिन्यापाशी प्रेमानंदनं तिला गाठलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ऐंशी वर्साची बाई हाय. तिच्या मजुरीवर बाबा मोठे झाले, म्हणून आमी झालो. एक गोळी चुकली म्हणून अंगावर घेतलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?"

"माझं काही नसतं बिघडलं. बाबा गेले असते."

"ते मी पाहिलं असतं ना! घरी गेल्यावर आत्याबाईले समजावून सांगितलं असतं."

"सकाळी गच्चीवर का नाही सांगितलं?"

अशा वेळी तो पाण्याची बाटली आणायला जायचा. तसा तो गेला.

पौर्णिमा दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. गच्चीवरचा ध्वज फडफडत राहिला, खीर झाली नाही, विहारात कुणी गेलं नाही. चौथ्या दिवशी देवाजी घरी आले तेव्हा वजन अठ्ठावन्न आठ होतं, गाल बसले होते, आणि तेज आलं असं कुणी म्हटलं नाही. या चार दिवसांत नंदिनीशी घरात कामापुरतं बोललं जात होतं. 'मीठ कुठं हाय,' 'दूधवाला आला,' एवढंच. प्रीती वडिलांच्या उशाशी बसून हुंदके देत म्हणाली होती, "बाबा, तुमीच सांगा ना, तुमीच मांगत होते ना पाणी?" आणि देवाजींनी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना मीराबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ पालकाच्या काड्या मोडत राहिल्या.

"मले माहीत होतं वं," त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"बाईनं पानी देल्याचं. दुसऱ्याच दिवशी पाह्यलं मी."

नंदिनीच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मग आई, तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"बहीन-भावाच्या मधात मी काहून पडू? पन्नास वर्सं झाली, नाही पडली कधी." मीराबाईंनी काड्या ताटलीत गोळा केल्या. "मले वाटलं, तू पाहशीनच. तू पाहतेच ना सगळं."

हे त्या कौतुकानं बोलल्या होत्या. तेच नंदिनीला सोसेना. एका डोळस माणसाच्या जिवावर सगळ्या घरानं डोळे मिटून घ्यायचे आणि वर त्यालाच म्हणायचं की तू फार पाहतेस! तिनं पालक धुवायला नेला आणि नळ जरा जास्तच सोडला.

त्याच दुपारी गोपिकाआत्या निघाल्या. साडेचारची सावनेर गाडी होती. प्रेमानंद त्यांची पिशवी घेऊन दारात उभा होता, प्रीती सोबत जाणार होती. बाहेर ऊन रटरटत होतं, रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. देवाजींना आणून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. बहिणीनं भावाच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला.

निघणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं. नंदिनी आतून भरलेला गिलास घेऊन आली आणि आत्यांपुढे धरला.

"मले तहान नाही," आत्या म्हणाल्या.

"उन्हाचं जाऊन राहिली आत्याबाई," प्रेमानंद म्हणाला. "घोटभर तरी घे."

"स्टँडवर पिऊन घेईन."

नंदिनीनं हात मागे घेतला नाही. गिलासाला बाहेरून दव धरलं होतं. "माझ्या हातचं नको का आत्याबाई?"

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता डोळ्यांत. राग असता तर भांडता आलं असतं.

"तुह्या हातचं मोजून रायते, बाई. मले मोजून पेता नाही येत."

प्रीतीनं तोंड दुसरीकडे केलं. मीराबाई पदराशी चाळा करू लागल्या. तेवढ्यात खुर्चीतून देवाजींचा आवाज आला, बारीक, खरखरीत.

"मंग ते मले दे."

चौघांनीही नंदिनीकडे पाहिलं. आत्यांनीही. कुणी देवाजींकडे पाहिलं नाही, कुणी गिलासाकडे पाहिलं नाही. दिवसाचा एक लिटर संपला होता आणि उरलेला अर्धा संध्याकाळपासून गोळ्या घेईपर्यंत पुरवायचा होता, हे घरात आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी ते एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

नंदिनी नवऱ्यापाशी गेली. त्याच्या हातातली पिशवी काढून खाली ठेवली आणि गिलास त्याच्या हातात दिला.

"आज तुम्ही सांगा," ती म्हणाली. "द्यायचं असेल तर द्या. नाही तर नाही म्हणा. पण तुम्ही म्हणा."

प्रेमानंद गिलास धरून उभा राहिला. त्यानं बापाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. देवाजींनी हात पुढे केला होता. कूलर घरघरत होता. प्रेमानंदच्या तोंडून ना 'हो' निघालं, ना 'नाही'. आणि मग त्यानं गिलास आपल्याच तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

पिशवी उचलून तो खाली मानेनं बाहेर पडला. त्याच्यामागे प्रीती, तिच्यामागे आत्या. फाटक वाजलं. रिकामा गिलास त्यानं दाराजवळच्या चपलांच्या फळीवर ठेवला होता.

देवाजींचा हात अजून पुढेच होता.

"पाच वाजता, बाबा," नंदिनी म्हणाली.

देवाजींनी हात मांडीवर घेतला. एकतीस वर्षं जमिनीखालचं पाणी उपसलेल्या त्या माणसानं सुनेकडे वर पाहिलं.

"तुले दया नाही वं," ते म्हणाले.

मीराबाई तिथंच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.